उपरण्याखालचा भाव

पलटणीला घोंगड्या पुरवायच्या तर लढाईच्या काळात निघालेल्या नव्या सरकारी नियमाने भाव बंद लिफाफ्यातच द्यायचा, हे धुळ्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा पितांबर चुडामणनानांना तिसऱ्यांदा समजावत होता. पारोळ्याच्या बाजारासारखी उपरण्याखाली बोटं दाबून, कोणाला कळू न देता केलेली बोलणी इथे चालणार नव्हती.

"मंग पहिला भाव चढाच सांगना पडी ना?" नानांनी विचारलं.

"नाही नाना, इथे घासाघीसच नाही. तुमचा शेवटचा भाव असेल तोच लिहायचा. लेकराची शपथ घेऊन सांगतो."

गावातले घोंगड्यांचे बारा माग नानांच्या शब्दावर अडून होते. अखेर, आजवर घरातही कोणाला न सांगितलेला आकडा त्यांनी पितांबरच्या कानात सांगितला, आणि त्याने तो लिहून लिफाफा बंद केला.

दुपारी कचेरीत साहेबाने लिफाफे फोडून सगळे भाव मोठ्याने वाचले. नानांचाच सगळ्यांत कमी निघाला. पितांबरचा जीव भांड्यात पडला.

"ठीक आहे," साहेब म्हणाला, "आता यात किती सोडता?"

नानांकडे त्याखाली सोडायला एक पैही उरली नव्हती. शेजारचा दलाल मात्र झटकन उठला. "नानांपेक्षा एक आणा कमी, साहेब!"

साहेबाने त्याच्या नावापुढे खूण केली.

बाहेर आल्यावर नानांनी खांद्यावरचं उपरणं काढून पितांबरच्या हातावर ठेवलं.

"हाई तुम्हीच ठेवा, भाऊ. मना हात आते आख्खा बाजारनी देखी लिधा."