थोरलीचा हुंकार

"...आणि सून हसत हसत तळ्यात उतरली," मी वाचलं आणि थांबले. सासूबाईंचा हुंकार आलाच नाही.

आमच्याकडे श्रावणातली कहाणी हुंकाराशिवाय पुढे सरकत नाही आणि तो मान घरातल्या थोरलीचा. तळ्याला पाणी लागेना, देवानं पाटलाची सून मागितली, पाटलानं ती दिली, इथवर त्यांनी मुकाट हूं म्हटलं होतं.

"आई, हूं म्हणा ना," मी म्हटलं. शेजारणी मुठीत अक्षता धरून ताटकळल्या होत्या.

"नाही म्हणत. चाळीस वर्षं म्हटलं. मरायला कोण हसत जातं गं? तळं पाटलाचं, हौस पाटलाची. तिला कुणी विचारलं?"

ओटीवरून मामंजी खाकरले. एरवी त्या खाकरण्यासरशी सासूबाई पदर सावरून गप्प व्हायच्या. आज त्यांनी अक्षतांची मूठ फक्त घट्ट मिटली. त्या मुठीकडे बघून माझ्याही अंगात बळ आलं. पोथी बाजूला ठेवून मी पुढे सांगू लागले.

"सून काठावरच उभी राहिली. म्हणाली, मामंजी, आधी तुम्ही उतरा."

"हूं," सासूबाई म्हणाल्या, ओटीवर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.