अर्ज कुणी केला?

"जागा मिळाली, दासोलच्या आई," अपंग मुलांच्या संस्थेतली हेजू दाराशी बूट काढता काढताच म्हणाली.

मालसुनच्या हातात पेजेचा चमचा होता. तो दासोलच्या ओठांपाशी तसाच थांबला.

"कसली जागा?"

"आमच्या संस्थेच्या घरात. चार मुली आणि रात्रंदिवस दोन-दोन मदतनीस. एक खोली रिकामी झालीय. लोक दोन-दोन वर्षं वाट बघतात. तुमचा नंबर लागला."

"मी नंबर लावला कधी?"

"अर्ज वसंतात आला होता. नाव सांगते, ऐका..."

"नको. नाव मला ठाऊक आहे." मालसुनने चमचा दासोलच्या तोंडात दिला आणि तिची हनुवटी पुसली. "सतरा वर्षं एकटीने केलं हिचं. आता परक्यांच्या हाती देऊ? काय ग दासोल? आईला सोडून कुठे जायचं नाही ना?"

दासोलची मान एका बाजूला कलली. घशातून एक लांबट आवाज निघाला.

"बघा. नाही म्हणतेय."

हेजू थोडा वेळ दासोलकडे बघत राहिली. मग आईची सही लागेल, शुक्रवारपर्यंत कळवा, एवढं सांगून उठली.

दासोल जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नव्हती. मेंदूला तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. हात, पाय, जीभ, काहीच तिच्या ताब्यात राहिलं नाही. बाप माकुल पकडणाऱ्या बोटीवर, वर्षातून दोनदा घरी यायचा. मालसुन पूर्वी थोंगयंगच्या बंदरावरच्या शेडमध्ये कालवं फोडायची. तिच्याइतका चपळ हात तिथे दुसऱ्या कुणाचा नव्हता. ते काम तिने दासोलसाठी सोडलं. आता शेडमध्ये तिची नणंद होती, क्यंगनान. आणि मालसुनच्या मनात नाव होतं ते हिचंच.

दुपारी तिने दासोलची खुर्ची ढकलत थेट शेड गाठली. रबरी एप्रन घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांच्या सुऱ्या थांबल्या.

"वन्सं, माझी पोर जड झाली होती तर तोंडावर सांगायचं. चोरून अर्ज कशाला?"

"कसला अर्ज?"

मालसुनने सगळं सांगितलं. क्यंगनानने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"हे बघ वहिनी, पोरीला संस्थेत ठेव, हे मी सणाच्या जेवणात सगळ्यांसमोर बोलले होते. तू माझ्यापुढचं ताट उचलून नेलंस. मी कधी चोरून काही बोलले आहे का?"

बायका हसल्या. मालसुनला हसू आलं नाही.

"पण ज्याने कुणी केला," क्यंगनान म्हणाली, "त्याचं भलं होवो. आरशात तोंड शेवटचं कधी बघितलंस? अशी किती वर्षं काढशील?" मग ती दासोलकडे वळली. "काय ग पोरी? तुला काय वाटतं?"

"तिला काही नकोय."

"मी तिला विचारलं."

"मला कळतं तिला काय हवं ते. आई आहे मी तिची."

दुसऱ्या दिवशी आंघोळ घालून दासोलला उचलताना मालसुनच्या कमरेत उसण भरली. दोघी ओल्या फरशीवर बसल्या त्या बसल्याच. अंगावरचं पाणी गार होत गेलं. मालसुनने टॉवेल ओढून पोरीभोवती गुंडाळला आणि बोलत राहिली. "आत्ता उठते हं. थंडी नाही ना वाजत? नाही वाजत. भूक लागली असेल. आज मासा करू, तुला आवडतो तसा." बोलता बोलताच तिच्या मनात आलं, दोन-दोन मदतनीस. सकाळपर्यंत सलग झोप. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती पोरीच्या ओल्या केसांत तोंड खुपसून रडली.

शुक्रवारी ती दासोलला घेऊन संस्थेत गेली.

"नको म्हणून सांगायला आलेय," ती म्हणाली. "जागा दुसऱ्या कुणाला द्या. फक्त अर्ज कुणी केला ते सांगा. उगाच वन्संना चारचौघांत बोलले मी."

हेजूने कपाटातून कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. अर्जदार या शब्दापुढे दासोलचं पूर्ण नाव होतं.

मालसुनने ते दोनदा वाचलं.

"हिला कुठे लिहिता येतं?"

"डोळ्यांनी लिहिते. मंगळवारी इथे येते ना, तेव्हा. पडद्यावरच्या अक्षरावर नजर रोखली की ते उमटतं. एवढं लिहायला तिला अकरा आठवडे लागले."

"पण इथे ती पडद्यावर फुगे फोडायचा खेळ खेळते."

"पहिल्या वर्षी फुगे होते. मग अक्षरं आली. मी दोनदा सांगायला लागले होते तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मला ठाऊक आहे."

मालसुन खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. कमरेतून कळ गेली, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. तिने दासोलचे वाकडे हात आपल्या हातांत घेतले.

"माझ्यासाठी केलंस होय ग? आईचे हाल बघवेनात तुला? मला झोप मिळावी म्हणून ना?"

दासोलच्या घशातून तो लांबट आवाज निघाला.

"हो म्हणतेय," मालसुन रडत रडत हेजूला म्हणाली. "ऐकलंत? हो म्हणतेय."

हेजूने कागद उलटा केला. मागच्या बाजूला 'कारण' असं छापलं होतं. त्याखाली तीन वाक्यं होती.

'आई चांगली आहे. पण माझं सगळं तीच बोलते. मी दमलेय.'