ऑक्टोबरातला साप

“पुढे येऊ नकोस, माइते. साप आहे.”

माइते जागीच थांबली. तिचा बाप फर्मिन सेजच्या झुडपांत उभा होता आणि त्याचा चेंडू समोर काळ्या खडकाच्या बेचक्यात अडकला होता. तिथून तो बाहेर काढायचा म्हणजे दोन फटके सहज वाया जाणार होते. गोल्फच्या मैदानावरचा अठरावा खड्डा, शेवटचा. अंतिम सामना अगदी बरोबरीत. माइतेचा चेंडू मात्र केव्हाच हिरवळीवर जाऊन निवांत बसला होता. चार वेळा बापाकडून अंतिम सामन्यात मार खाल्लेली ही पोर आज पहिल्यांदा जिंकणार होती आणि नेमका आत्ताच साप निघाला.

नियम साधा आहे. चेंडूजवळ विषारी साप असेल तर चेंडू उचलायचा आणि मोकळ्या जागी टाकायचा. दंड काही नाही. आणि मोकळ्या जागेवरून फर्मिन चुकत नाही, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

“खुळखुळ्या आहे का रे?” हिरवळीच्या कडेवरून क्लेटनने विचारलं. तो आजचा पंच. गुडघे गेलेले, त्यामुळे झुडपांत शिरायची त्याची तयारी नव्हती. “की माझ्या बायकोसारखा नुसताच फुसफुसतोय?”

“शेपूट वाजवतोय,” फर्मिन म्हणाला. तो हसला नाही.

माइतेने कान दिला. वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

तिचं डोकं तापलं. ऑक्टोबर संपत आला होता. चार दिवसांनी या गोल्फ-रिसॉर्टला कुलूप लागणार ते थेट वसंतात उघडणार. सकाळी गवतावरचं गोठलेलं दव वितळेपर्यंत सगळे दोन तास कॉफी पीत बसले होते आणि झुडपांच्या सावलीत ते अजूनही पांढरं पडून होतं. साप जमिनीखाली जाऊन तीन आठवडे झाले होते. हे तिला शिकवलं कुणी? याच माणसाने. रिसॉर्ट व्हायच्या आधी याच टेकडीवर त्याने तीस वर्षं मेंढ्या चारल्या. पहिलं पांढरं पडलं की साप खाली, मग खुशाल अनवाणी फिर, असं तो सांगायचा.

आणि हाच माणूस सचोटीचे धडे द्यायचा. ती बारा वर्षांची असताना काठी टेकवताना तिचा चेंडू केसभर हलला होता, म्हणजे नियमाने एक फटका दंड. कुणी पाहिलं नव्हतं. तरी बापाने तिला हाताला धरून नेलं आणि जिंकलेला चषक परत करायला लावला. घरी येईपर्यंत ती रडत होती. आता तोच बाप विजेत्यांच्या एका लाकडी फळीवर बाराव्यांदा नाव कोरून घेण्यासाठी पोटच्या पोरीला फसवायला निघाला होता.

शेवटच्या फटक्याला त्याने सहा नंबरची, जास्त लांब मारणारी काठी काढली, तेव्हाच ती चमकली होती. पाच हजार फुटांवर हवा विरळ, चेंडू लांब पळतो. इथून आठ नंबर पुरते हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सहा नंबर काढतात ते समुद्राकाठचे पाहुणे. तिला वाटलं होतं, म्हातारा दबकला. आता कळलं की दबकलेला माणूस कुठल्या थराला जातो.

“मला इथून काही दिसत नाही,” क्लेटन म्हणाला. “माइते, तू बघून सांग. तू म्हणशील ते खरं.”

ती झुडपांत शिरली. फर्मिनने तिचं मनगट घट्ट पकडलं. नाटक तरी किती करावं माणसाने, असं तिच्या मनात आलं. तिने हात सोडवून घेतला आणि वाकून पाहिलं. खडक, वाळक्या काटक्या, चेंडू. दुसरं काही नव्हतं.

“बाबा,” ती क्लेटनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “जिंकायचंच होतं तर मला सांगायचं होतंत. मी मुद्दाम हरले असते. पण खोटं का बोलता?”

“कोण खोटं बोलतंय?”

“या गारठ्यात साप? खाली हे पांढरं काय पडलंय, दिसत नाही तुम्हाला?”

फर्मिन वाकला. त्याने ते पांढरं चिमटीत उचलून पाहिलं. बोटांवर ते लगेच वितळलं, पण तोवर त्याची नजर वर टेकडीकडे गेली होती.

“मीठ आहे,” तो म्हणाला. “मेंढ्यांना चाटायचं मीठ इथे कुणी सांडून ठेवलंय? जुलैचं ऊन आहे, साप बाहेर आहेत, आणि वासाने कळप इकडेच येणार. जा पोरी, वरच्या अंगाने वळव त्यांना. पळ.”

टेकडीवर काही नव्हतं. घरातली शेवटची मेंढी विकून चौदा वर्षं झाली होती.

माइतेने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा करताना त्याची डावी भुवई हलायची. ती हलली नाही. त्याच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी, आणि ती तिच्यासाठी होती.

“काय ठरलं मग?” क्लेटनने विचारलं. “माझं नाक गोठायला आलंय इथे.”

“साप आहे,” माइतेने मोठ्याने सांगितलं. “बाबा चेंडू बाहेर घेतायत.”

फर्मिनने सुटकेचा श्वास सोडला. “तुला दिसला ना?”

“दिसला, बाबा,” ती म्हणाली, आणि या माणसाने आपल्याशी लबाडी केलेली असू दे, नुसती लबाडीच असू दे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा अगदी मनापासून वाटलं.