उंबऱ्याबाहेरचा खोकला

दसूकी आजही न खोकता आत आला.

अंगणात नबविया मोठ्या मुलीच्या, करिमाच्या, केसांना तेल लावत होती. धाकटी सनिया ओले केस उन्हात मोकळे सोडून बसली होती. काका एकदम समोर उभा ठाकल्यावर दोघींनी हाताला लागेल ते डोक्यावर ओढलं. सनियाच्या हाती पीठ झाकायचं फडकं लागलं.

नबवियाचा नवरा बयूमी जाऊन दीड महिना झाला होता, आणि त्याच्या धाकट्या भावाची या आठवड्यातली ही तिसरी खेप. पहिल्या वेळी घाईत विसरला असेल म्हणून नबवियाने सोडून दिलं होतं. दुसऱ्या वेळी तिला कळून चुकलं.

गावात दारं दिवसभर उघडीच असतात. येणारा पुरुष उंबऱ्याबाहेर खोकतो, बायकांना सावरायला वेळ देतो आणि 'या' म्हटलं की आत येतो. पोस्टमन खोकतो, मशिदीचे इमाम खोकतात, विजेचं बिल देणारा तर असा खोकतो की शेजारच्या गल्लीतल्या बायकाही डोकं झाकून घेतात. खोकत नाही तो फक्त घरधनी. हे घर वडिलांनी नबवियाच्या नावावर करून दिलं होतं, पण कागद पेटीत पडून असतो. गाव बघतं ते न खोकता आत कोण जातं ते.

दसूकीने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मागची भिंत फोडून त्याच्या आवाराकडे दार काढायचं. मागची खोली रिकामीच पडली आहे, तिथे त्याच्या म्हशी बांधता येतील. मापं घ्यायला गवंडीही आणला आहे. यात विचारणं कुठेच नव्हतं.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खोकलं. दोनदा, नीट, मध्ये थांबून. नाईलच्या पलीकडच्या काठावरचा शहाता गवंडी दाराकडे पाठ करून उभा होता.

"ये की आत," दसूकी हसत म्हणाला. "खोकतोस कसला? घरचंच घर आहे."

शहाता जागचा हलला नाही.

नबवियाने तेलाची वाटी खाली ठेवली. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पदरात दोन मुली, घरात पुरुष माणूस नाही, आणि हा दीर उद्याही भिंतीपलीकडेच राहणार होता. पण आज गप्प बसलं तर आज भिंत जाईल आणि मागोमाग घर, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"उस्ताद, ओट्यावर बसा," ती दाराच्या दिशेने म्हणाली. "तुम्ही खोकलात, तुमच्यासाठी चहा टाकते." मग आवाज न चढवता दिराकडे वळली. "भाऊजी, तुम्ही बाहेर जा. खोका, आणि मग या."

दसूकीला आधी ही थट्टा वाटली. मग वहिनीचं दुःखाने डोकं फिरलंय असं वाटलं, आणि तसं तो बाहेरच्या गवंड्याला ओरडून म्हणालाही. भावाच्या घरात भाऊ खोकायला लागला तर लोक तोंडात शेण घालतील, असं बरंच काही तो बोलला.

"तुमचे भाऊ घरजावई होते," नबविया म्हणाली. "बावीस वर्षं याच दारात खोकून आत आले. शेवटी दवाखान्यातून दोघांनी धरून आणलं, तेव्हाही आधी खोकले, मग उंबरा ओलांडला."

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. चिडवून चिडवून लोकांनी बयूमीचं नाव 'पाहुणा' पाडलं होतं, आणि बयूमी म्हणायचा, पाडा की, मालकाच्या वाट्याला काम येतं, पाहुण्याला निदान चहा मिळतो.

समोरच्या घरातली चाळण वाजायची थांबली होती. सनियाने चहाचा पेला ओट्यावर नेऊन ठेवला. शहाताने मापाची फीत खिशात कोंबली आणि साखर ढवळत बसला. दसूकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि पायघोळ झगा सावरत तो बाहेर गेला.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. हा तडक घरी निघून जाणार आणि उद्या पुन्हा तसाच आत घुसणार, असं नबवियाला वाटलं. ती दाराआड जाऊन उभी राहिली.

मग खोकला आला. बारीक, कोरडा, घशातच अडकलेला. अगदी बयूमीचा. दोघा भावांचा घसा एकच होता, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. सनियाने चटकन दाराकडे पाहिलं, मग आईकडे. या खोकल्याला बावीस वर्षं नबविया कोण म्हणून न विचारता 'या' म्हणत आली होती. आताही तो शब्द तोंडाशी आला होता. तिने तो गिळला.

"कोण आहे?" तिने गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

"मी," आणि जरा वेळाने, "दसूकी."

"थांबा भाऊजी. मुलीची वेणी व्हायचीय. तोवर चहा पाठवते बाहेर."

ती परत येऊन बसली. करिमाच्या केसांचे तीन पेड काढले आणि सावकाश वेणी घातली. बाहेर कोणी हललं नाही. वेणी झाली तशी नबवियाने ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.