शेवटचे चार फूट

विमानाची चाकं धावपट्टीवर पुन्हा आपटली. दातांवर दात बसले, आणि लिफ्टवाल्या काकांनी नेहमीसारखा कपाळाला हात लावला. शेवटच्या चार फुटांत काहीतरी चुकतं, असं ते पुटपुटले.

शेजारी बसलेल्या मॅडम काही बोलल्या नाहीत. वयाने काकांच्या मुलीएवढ्या. आपली सुट्टी मोडून सतरा रविवार त्या काकांना विमान शिकवत होत्या, आणि सतरा रविवार काका शेवटच्या चार फुटांत माती खात होते. याच माणसाने निवृत्त होईपर्यंत पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि मजल्याशी सुताचाही फरक राहू दिला नव्हता. बाबा, वर जायची एवढी घाई कशाला, असं मुलीने फोनवर चिडवलंही होतं. काका खूप हसले होते. फोन ठेवला आणि घर पुन्हा गप्प झालं.

खरं तर ते मुद्दाम आपटत होते. नीट उतरता आलं की एकट्याने उडायचं, म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी. तशी खुर्ची घरी होतीच की! फक्त मॅडमच्या घरची माणसं जेवायला खोळंबली असतील, या विचाराने ते मनातून ओशाळायचे.

आज मात्र पळवाट नव्हती. आज एकट्याने उडा, नाहीतर नाव कमी करतो, असं फ्लाइंग क्लबच्या साहेबांनी बजावलं होतं. मॅडमनी पट्टा सोडला आणि त्या खाली उतरल्या.

"विमानात किती जण?" टॉवरवरून नेहमीचा प्रश्न आला.

तोंडात आलेलं 'दोन' काकांनी गिळलं. "एक."

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. स्वतःसाठी हा 'एक' त्यांनी आजवर मोठ्याने उच्चारला नव्हता. डोळे भरून आले, पण हात आपलं काम करत राहिले. एक फेरी मारून ते परतले. लिफ्ट मजल्याला लागावी तशी चाकं अलगद टेकली.

मॅडम धावपट्टीच्या कडेलाच उभ्या होत्या. आता लपवून काय करायचं, म्हणून काकांनी सगळं कबूल केलं.

"मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही लगेच शिकला असतात, काका. मग रविवारी मी कुठे गेले असते?"