लपलेला रंग

जीप गुंद गावातच अडकली. पुढच्या साकवाच्या फळ्या निखळल्या होत्या आणि बायजाची वस्ती अजून मैलभर आत रानात होती.

वासू डॉक्टर जोयड्याच्या सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर. रस्त्याकडेला राहणाऱ्या रुक्माला त्यांनी वाट विचारली.

"एकलं जाऊ नगासा, चुकशीला," रुक्मा म्हणाली. "बायजाक्काचा कुत्रा रोज दुपारी हितं ताकभात खायाला येतो न् माघारी जातो. त्याच्या मागनं जावा."

कुत्रा गोठ्यापाशी पडला होता. म्हशीच्या डबक्यात लोळून आलेला. शेपटीपासून डोळ्यांपर्यंत तांबडा चिखल वाळलेला. डॉक्टरांनी शीळ घातली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. रुक्मानं पाठीवर थाप मारली तसा तो उठला, डॉक्टरांचे पाय हुंगले आणि चालू लागला.

मोठा मानी दिसतोय, डॉक्टर मनाशी म्हणाले.

पायवाट अरुंद होती, पण त्यांचं लक्ष वाटेवर नव्हतं. बायजाला काय तोंड दाखवायचं, हाच घोर होता.

तिची कुत्री रानडुकरांना भिडणारी, तालुकाभर नावाजलेली. दोन वर्षांपूर्वी बायजा आपली कबरी कुत्री आणि शेजारच्या तुकारामचा पिवळा सोन्या घेऊन दवाखान्यात आली होती. कबरी म्हणजे राखाडी अंगावर काळे डाग असलेली.

"कबऱ्याला कबरी लावू नये, पिल्लं अधू निपजत्यात, आई सांगायची," ती म्हणाली होती. "सोन्याचा बा कबरा हुता. चालंल न्हवं?"

डॉक्टरांनी सोन्याचं अंग निरखून पाहिलं. एक डाग नाही. "खुशाल लावा," ते म्हणाले.

चार पिल्लांत एक पांढरंफेक निघालं. त्याला ना दिसे, ना ऐकू येई. "इंजेक्शन देतो, सुटेल बिचारं," एवढंच डॉक्टरांना सुचलं होतं. बायजानं पिल्लू पदरात घेतलं आणि ती निघून गेली. असलं पिल्लू महिनाभरही तगत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

ओढ्यावर एकच ओंडका आडवा होता. कुत्रा एकेक पंजा टेकवत पलीकडे गेला. बांबूच्या बेटापाशी मात्र तो एकाएकी थबकला, नाक वर केलं आणि डॉक्टरांच्या पायांत आडवा झाला. ते पुढं जाऊ लागले तर अंगानं मागं रेटू लागला.

बेट हललं. पंधरा पावलांवरून एक गवा बाहेर आला, काळाभोर, भिंतीएवढा. क्षणभर उभा राहिला आणि उतारावरून खाली गेला.

 डोळे, कान धड असून डॉक्टरांना काही म्हणता काही कळलं नव्हतं. कुत्रा शांतपणे पुढं चालू लागला होता.

बायजा अंगण सारवत होती. "अगो बाई, डागदर! चालत आलासा व्हय?"

"सांगायचं होतं, बायजाक्का. धारवाडला शिकायला गेलो होतो. पिवळ्या अंगात कबरा रंग लपून राहतो. तो ओळखायचा तर..."

"काळीला लावून बघायचं," बायजा म्हणाली.

डॉक्टर बघतच राहिले.

"नागूच्या काळ्या कुत्रीला सोन्या लावला म्या. पाच पिल्लं, त्यातली दोन कबरी. तिच्या घराण्यात कबरं कुणी न्हाई, मग आलं कुठनं? सोन्याच्याच अंगातनं. त्या दिसापासनं त्याला कबरीजवळ फिरकू दिला न्हाई. आता कंचा बी परका कुत्रा आला की आदी काळीसंगं, मग बाकीच्यांचं बघू. सात येळा पिल्लं झाली, एक पिल्लू अधू न्हाई."

मोठमोठ्या प्राध्यापकांनी फळ्यावर खडूनं आठवडाभर समजावलेलं ती शेणानं भरलेल्या हातांनी सांगत होती.

"हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"कोण शिकवणार? कुत्र्यांनीच."

डॉक्टरांनी हात जोडले. "माझ्या शब्दावर विसंबलात तुम्ही. त्या पांढऱ्या पिल्लाचं पाप माझ्या माथ्यावर आहे. किती दिवस जगलं ते?"

 बायजानं हात धुतले, डॉक्टरांना घेऊन आलेल्या कुत्र्याला धुण्याच्या दगडावर उभं केलं आणि घागर त्याच्या अंगावर रिती केली. तांबडा चिखल ओघळून गेला.

खालून दुधासारखं पांढरं अंग निघालं.