मागचे दोन स्पीकर

“एवढा तामझाम केलाय, पण मागून मला काहीसुद्धा ऐकू येत नाही बाई,” सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. ऐकू मलाही येत नव्हतं. पण ह्यांनी आज खास मोठ्या दिरांना बोलावलं होतं, आणि ह्यांच्या खरेदीत खोट काढल्याशिवाय दिरांना आजवर चहा गोड लागलेला नाही.

तीन महिने ह्यांनी आम्हाला घासागणिक सबवूफर, साउंडबार नि सराउंड भरवलं होतं. आज परीक्षा होती.

टीव्हीवर हेलिकॉप्टर उडालं. “दादा, आता बघ हं, आपल्या डोक्यावरून थेट सोफ्यामागे जाणार! यालाच सराउंड साउंड म्हणतात.”

आम्ही सगळ्यांनी माना वळवून ते हेलिकॉप्टर इमानेइतबारे मागे पोचवलं.

“मानलं बुवा तुला,” दीर म्हणाले. “अगदी कानाला वारा लागला!”

“मी तर खाली वाकलेच,” मीही ठोकून दिलं.

तेवढ्यात सोफ्यामागून खरंच आवाज आला. सगळे दचकून उठलो. सासूबाईंचा फोन वाजत होता. मागच्या दोन्ही स्पीकरची पिन काढून त्यांनी तो तिथे चार्जिंगला लावला होता.

“हे स्पीकर आल्या दिवसापासून तिथेच तर लावते मी,” त्या म्हणाल्या.

हे मटकन सोफ्यावर बसले आणि म्हणाले,



“हुश्श! मला वाटलं, माझेच कान गेले.”